थीम पार्कला निघण्याआधी घरच्या घरी एक कूपन-पुस्तक बनवा

१९५५ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं आणि काही महिन्यांतच तिथे कूपनांची पुस्तकं विकायला सुरुवात झाली. कूपनांना ए, बी, सी अशी अक्षरं होती. ए म्हणजे साधीसुधी, लुटुपुटूची मजा. मग डी आलं, आणि १९५९ मध्ये ई आलं ते सगळ्यात मोठ्या राइडसाठी. पुस्तकात ई कूपनं मोजकीच असायची, त्यामुळे ती कशावर खर्च करायची याचा विचार करावाच लागे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली. आता बहुतेक मोठ्या पार्कांमध्ये एकदा दारातून आत गेलं की सगळं खुलं.

सगळं खुलं म्हटल्यावर कोणी काही निवडतच नाही. समोर दिसेल त्या रांगेत कुटुंब उभं राहतं, दुपारी चारच्या सुमाराला धाकटं भोकाड पसरतं, आजोबांचे पाय भरून येतात, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती राइड तेवढी राहून जाते. पैसे तिकिटाच्या खिडकीवरच संपलेले असतात. आत गेल्यावर खर्च होते ती वेळ आणि अंगातली ताकद. त्यांचं कूपन-पुस्तक तुम्हालाच बनवावं लागतं. कसं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी मापं घ्या

इंचपट्टी काढा आणि प्रत्येक मुलाची उंची मोजा. राइडसाठी वयाची अट क्वचित असते, उंचीची जवळजवळ नेहमी असते. १०२, १२२ आणि १३७ सेंटिमीटर (४०, ४८ आणि ५४ इंच) हे टप्पे जगभर वारंवार दिसतात. पहिल्या टप्प्याला मध्यम राइड सुरू होतात, दुसऱ्याला बऱ्याचशा रोलर कोस्टर, तिसऱ्याला अगदी दणकट. प्रत्येक पार्क आपल्या संकेतस्थळावर राइडवार उंची देतं. ती यादी मुलाच्या मापाशी लावून बघा. छोट्यांच्या काही पाळण्यांना कमाल उंचीचीही मर्यादा असते, म्हणजे थोरलीला तिथे बसता येणार नाही, हेही आधीच कळलेलं बरं.

हे मी ठेच खाऊन सांगतोय. एकदा आम्ही तासाहून जास्त वेळ रांगेत उभे राहिलो आणि अगदी तोंडाशी आल्यावर मोजपट्टीखालून मुलगा दोन सेंटिमीटर कमी निघाला. त्या क्षणी मुलाची समजूत काढणं केवळ अशक्य असतं. रांगेच्या सुरुवातीलाही मोजपट्टी असते. उंची काठावर असेल तर तिथेच मोजून मग आत शिरा. आणि बुटात कागद कोंबणे, केस वर बांधणे असले उद्योग करू नका. राइडचा दांडा किंवा पट्टा ठराविक बांध्याच्या शरीराला मांडीवर आणि कमरेवर पकडेल असा बनवलेला असतो. मूल त्याहून लहान असेल तर ते दांड्याखालून निसटू शकतं.

मोठ्यांचीही यादी करा. गरोदर बाई, हृदयाचा, मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, यांच्यासाठी झटके देणाऱ्या राइड वर्ज्यच. कोणाला बंद जागेची भीती वाटते, कोणाला मोठा आवाज सोसत नाही. चाकाची खुर्ची लागत असेल किंवा मूल स्वमग्न असेल, तर रांगेत न ताटकळता येण्याची सोय बऱ्याच पार्कांत असते, पण ती कित्येकदा आधी अर्ज करून घ्यावी लागते. अमेरिकेत सॅन अँटोनियोला २०१० मध्ये उघडलेलं मॉर्गन्स वंडरलँड तर मुळात अपंग मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलंय. तिथले पाळणे चाकाच्या खुर्चीसकट वापरता येतात.

पार्क आणि दिवस

मुलं सहाच्या आतली असतील तर माझा कौल लहान पार्कला. सगळ्यात मोठं, सगळ्यात गाजलेलं पार्क त्यांच्यासाठी फक्त जास्त चालणं असतं. डेन्मार्कमधल्या बिलुंडचं लेगोलँड १९६८ पासून साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना धरून चालतं. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग १९५२ साली परीकथांच्या जंगलापासून सुरू झालं. त्या जंगलात उंचीची अट नाही, पट्टे नाहीत, नुसतं हिंडायचं. कोपनहेगनचं टिव्होली १८४३ पासून शहराच्या मधोमध आहे आणि मुळात बाग आहे, त्यामुळे ज्यांना राइडमध्ये रस नाही त्यांचाही वेळ छान जातो. अशी झाडंझुडपं आणि बाकडी असलेलं पार्क तीन पिढ्या सोबत असतील तर फार कामाला येतं.

घरात बारा-तेरा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर हिशेब उलटा. त्यांना उंच, वेगवान कोस्टर हवेत आणि ते मोठ्या पार्कातच मिळतात.

दिवस निवडताना शाळा चालू असतानाचा मधला वार सगळ्यात रिकामा. ते जमत नसेल, आणि बहुतेकांना जमत नाहीच, तर निदान लांब सुट्टीला जोडून आलेले शनिवार-रविवार टाळा. फक्त एक गोष्ट विसरू नका. गर्दी कमी असते तेव्हा पार्कही लवकर बंद होतं आणि नेमक्या त्याच काळात राइड दुरुस्तीला काढतात. संकेतस्थळावर बंद राइडची यादी असते. पोरगं ज्या एका राइडसाठी महिनाभर नाचतंय तीच त्यात असेल, तर तारीख बदला.

तिकीट काढताना

तारखेचं तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बहुधा स्वस्त पडतं आणि खिडकीवरची रांग वाचते. काढण्यापूर्वी बारीक अक्षरं वाचा: पावसाने राइड बंद राहिल्या तर काय, तारीख बदलता येते का, वॉटर पार्क त्याच तिकिटात आहे का वेगळं, मुलाचं तिकीट वयावर की उंचीवर.

रांग टाळण्याच्या पासाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो तिकिटातच धरलेला होता. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि रांग टाळायला पैसे मोजायची वेळ आली. आता बहुतेक मोठी पार्क असा पास विकतात. हा पास गर्दीच्या दिवशी आणि एकच दिवस हातात असेल तरच घ्यावा. मधल्या वारी, दार उघडताना पोहोचणार असाल तर पहिल्या दोन तासांत त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण तेव्हा रांगाच नसतात. आणि घेण्यापूर्वी बघा की तुमच्या आवडीच्या राइड त्यात आहेत का. सगळ्यात लोकप्रिय राइडला कित्येकदा वेगळे पैसे पडतात.

आता कूपन-पुस्तक

निघण्याच्या दोनतीन दिवस आधी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवा आणि पार्कचा नकाशा मधे पसरा.

पहिला प्रश्न, दिवसात किती राइड बसतात? पार्क दहा तास उघडं आहे असं धरू. जेवण, पाणी, शौचालय, बसणं, रुसणं, मनवणं यात अडीच तास जातात. उरले साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. बऱ्यापैकी गर्दीत एका मोठ्या राइडला ४० मिनिटं रांग आणि १० मिनिटं राइड व चालणं, अशी ५० धरली, तर झाल्या नऊ. नकाशावर चाळीस ठिकाणं दिसतात, तुमच्या वाट्याला नऊ येतात. हा आकडा मुलांसमोर मोठ्याने मांडा. त्यांना वाटून घेणं कळतं. आयत्या वेळचा नकार सोसत नाही.

आता कागदाच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येकाला एक ई. ही त्याची हक्काची राइड. बाकीच्यांनी कुरकुर न करता तिच्यासाठी वेळ द्यायचा, मग ती आजीची आगगाडीतली फेरी का असेना. त्याखाली प्रत्येकी एकदोन सी, म्हणजे जमलं तर करू. उरलेलं सगळं ए, वाटेत रिकामं दिसलं तर. पाच माणसं असतील तर पाच ई झाल्या, आणि नवातल्या चार जागा सैल राहिल्या. त्या सैलच ठेवा. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, एखादी बिघडते, एखादी इतकी आवडते की पुन्हा जायचं असतं.

आईबाबांनी स्वतःचं ई मुलांना देऊन टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. आईलाही काहीतरी बघायचं असतं, हे मुलांना दिसू द्या.

पिशवी

थोडक्यात सांगतो. रिकामी बाटली, टोपी, सनस्क्रीन, पातळ रेनकोट, प्रत्येक मुलाचे एक जोड कपडे, ओले वाइप्स, नेहमीची औषधं, बँड-एड, पॉवर बँक. बूट जुने, सरावाचे. नव्या बुटांनी दुपारपर्यंत फोड येतात. चष्म्याला दोरी. बाहेरचे खाद्यपदार्थ चालतात का ते आधी विचारा, पण तान्ह्या मुलांचं आणि पथ्याचं खाणं सहसा आत नेऊ देतात. चार-पाच वर्षांचं मूल घरी बाबागाडीत बसत नसलं तरी पार्कात भाड्याने घ्या. दिवसभरात सहज दहा-बारा किलोमीटर चालणं होतं.

सकाळ आणि रांगेचं गणित

दार उघडण्याच्या पाऊणएक तास आधी पोहोचा. पहिला दीड-दोन तास हा दिवसातला सोन्याचा तुकडा, पण लोक तो दाराजवळच्या पहिल्याच आकर्षणावर फोटो काढण्यात घालवतात. दारातून सरळ आत, शक्यतो पार मागच्या टोकाला जा आणि तिथून उलटे या.

कुठल्या राइडला आधी जायचं हे नुसत्या लोकप्रियतेवर ठरवू नका. रांगेचा वेळ म्हणजे पुढे किती माणसं आहेत भागिले तासाला किती माणसं बसवली जातात. समजा एका कोस्टरच्या गाडीत २४ जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला ७२० माणसं. पुढे ४८० उभी असतील तर ४० मिनिटं. आता न थांबता सरकत राहणाऱ्या डब्यांची राइड घ्या, ज्यात चालत्या पट्ट्यावरून चढायचं असतं. ती तासाला २००० माणसं सहज नेते. तीच ४८० माणसं तिथे पंधरा मिनिटांत संपतात. रांग बाहेरून तितकीच लांब, तरी घाबरायचं कारण नाही.

खरा धोका छोट्यांच्या पाळण्यांमध्ये असतो. बारा मुलं बसतात, बसवणं-उतरवणं धरून एका फेरीला चार मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १८०. पुढे फक्त साठ मुलं, रांग चिमुकली दिसते, पण वीस मिनिटं गेली. म्हणून उडणारे हत्ती, छोटी विमानं असल्या गोष्टी सकाळी पहिल्यांदा उरका, आणि सरकत्या डब्यांच्या, होड्यांच्या आणि मोठ्या सभागृहातल्या गोष्टी दुपारच्या गर्दीसाठी राखून ठेवा. रांगेत शिरण्यापूर्वी दोन मिनिटं उभं राहून गाड्या मोजल्या तरी अंदाज येतो. आमच्या मुलीला हा खेळ इतका आवडला की ती फलकावरच्या वेळेशी पैज लावते, आणि बरेचदा जिंकते. फलकावर थोडा जास्त वेळ लिहिण्याकडे पार्कांचा कल असतो.

दोन सोयी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पहिली अदलाबदलीची. धाकटं बसू शकत नसेल, तर एक पालक राइडला जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो, आणि नंतर दुसरा पुन्हा रांग न लावता जातो. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच विचारा. दुसरी एकट्या माणसाची रांग. गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की त्या रांगेतून भरतात. शेजारी बसता येत नाही, पण दोन मोठी मुलं आणि बाबा असे सुटे सुटे गेले तर बरेचदा वेळ खूप वाचतो.

दुपार

जेवण साडेअकराला करा, नाहीतर थेट अडीचला. एकच्या ठोक्याला जेवायला जाणं म्हणजे आणखी एका राइडची रांग लावणं.

ऊन डोक्यावर आलं की आतल्या गोष्टी: खेळ, प्रदर्शनं, थंड अंधारी राइड. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. मूल फिकट पडलं, खूप घाम येतोय, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं, तर लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, घोटघोट पाणी द्या, अंग ओलं करा. बरळायला लागलं, भान हरपलं, किंवा अंग तापून लाल झालं, तर तो उष्माघात समजून तिथल्या प्रथमोपचार केंद्राला हाक मारा आणि ते येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. हे केंद्र कुठे आहे ते सकाळीच नकाशावर गोल करून ठेवा.

मुक्कामाची जागा जवळ असेल तर दोन ते साडेचार परत जाऊन झोपून या. वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, पण संध्याकाळी ताजं पोरगं घेऊन फिरण्यातली मजा एकदा घेतलीत की पुन्हा विचार करणार नाही.

राइडमध्ये बसताना

मळमळ होते ती डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वेगवेगळं सांगतात म्हणून. त्यामुळे पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या राइड कित्येकांना खऱ्या कोस्टरपेक्षा जास्त बाधतात. कसंतरी होऊ लागलं तर डोळे मिटून घ्या. गोल फिरणाऱ्या राइड जेवणानंतर तासभर तरी नकोत. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि आधी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

जागा निवडता आली तर एवढं लक्षात ठेवा. कोस्टरच्या शेवटच्या डब्यात उतारावर सगळ्यात जोराची ओढ बसते, पुढे दृश्य चांगलं दिसतं, आणि घाबरणाऱ्याला मधला डबा बरा. झुलणाऱ्या जहाजात टोकांना झोका मोठा, मधे अगदी सौम्य.

मूल ऐनवेळी नाही म्हणालं तर नाही. 'एवढे पैसे भरले' हे वाक्य तिथे उच्चारू नका. रांगेच्या शेवटी बाहेर पडायचा वेगळा रस्ता असतो, तिथून निघा. जबरदस्तीने बसवलेलं मूल पुढची कित्येक वर्षं पाळण्याचं नाव काढत नाही.

वॉटर पार्क असेल तर

हा वेगळाच प्राणी आहे आणि इथे गंमतीपेक्षा लक्ष जास्त लागतं. मुलांचे पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळे आणि पांढरे पाण्याखाली दिसेनासे होतात. सुती कपडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, आणि ते पाण्याने जडही होतात.

बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते उभंच असतं, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, आणि अजिबात आवाज नाही. जीवरक्षक शिट्टी घेऊन बसलेला असला तरी पोहता न येणारं मूल तुमच्या हाताच्या अंतरावरच हवं, आणि लाटांच्या तलावात तर नक्कीच, कारण तिथे गर्दी आणि फेस यांत डोकं दिसत नाही. दंडाला लावायचे फुगे खेळणं आहेत. लाइफ जॅकेट मागून घ्या. कोण कधी लक्ष ठेवणार याच्या पाळ्या लावा, आणि पाळी असलेल्याने फोन लॉकरमध्ये ठेवावा. 'सगळे बघतायत' म्हणजे कोणीच बघत नाही.

घसरगुंडीवर पाय घोट्याशी एकमेकांवर, हात छातीवर. पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात नेऊ नका. पोहण्याचा डायपर घट्ट पदार्थ अडवतो, जंतू अडवत नाही, आणि काही जंतू क्लोरिनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात.

हरवलं तर

सकाळी दारातच प्रत्येक मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा. फोन नंबर हातपट्टीच्या आतल्या बाजूला लिहा. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. आत गेल्यावर कर्मचाऱ्याचा गणवेश आणि नावाची पट्टी मुलांना बोटाने दाखवा: चुकलात तर हलायचं नाही, असा माणूस दिसला की त्याला सांगायचं. मूल दिसेनासं झालं तर पंधरा मिनिटं आपापले शोधत फिरू नका. एकजण जागेवर थांबा, दुसऱ्याने लगेच कर्मचाऱ्याला गाठा. त्यांच्यासाठी ही रोजचीच गोष्ट असते.

संध्याकाळ

मिरवणूक आणि आतषबाजी चालू असताना राइडच्या रांगा आटतात. मिरवणूक कोणाचंच ई नसेल तर तेवढ्यात दोन राइड पदरात पाडून घ्या. बऱ्याच पार्कांत बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना बसू देतात, म्हणून उरलेली एखादी मोठी ई शेवटच्या वीस मिनिटांसाठी ठेवता येते. पोरं जागी असतील तरच, अर्थात.

खेळण्यांचं दुकान बाहेर पडण्याच्या वाटेवरच असतं, ते उगाच नाही. सकाळीच प्रत्येकाला किती रक्कम ते सांगून टाका आणि खरेदी संध्याकाळच्या गर्दीआधी करून लॉकरमध्ये ठेवा. आतषबाजी संपल्यावर सगळं पार्क एकदम दाराकडे लोटतं. तुम्ही एका बाकावर बसा, उरलेलं खाऊन घ्या, मुलांना तिथेच रात्रीचे कपडे घाला. अर्ध्या तासाने गर्दी ओसरते. गाडी कुठल्या खांबाजवळ लावलीय त्याचा सकाळी काढलेला फोटो तेव्हा उघडायचा.